कोरा म्हणजे कोराच ना?

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो म्हातारा होऊनच आला. कारखान्याच्या ऑफिसात नवे आले तेव्हा मालक माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना म्हणाले, मास्तर, हा जुना घेऊन जा, घरी बसून नमुने काढा. नानांनी तो रिक्षातून आणला, मॉनिटर मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला "सावकाश रे, सावकाश" म्हणत. अम्मानं त्याला हळदकुंकू लावलं, डोक्यावर टॉवेल पांघरला आणि मला बजावलं की ओल्या हातानं शिवायचं नाही. त्या टॉवेलवरची वेलसुद्धा नानांनीच काढलेली होती. सोलापुरात तेव्हा कुठल्याही घरात जा, नानांनी काढलेलं काही ना काही दोरीवर वाळत असायचं आणि ते कुणाला ठाऊक नसायचं. मला ठाऊक होतं, आणि त्याचा मला भलताच तोरा होता.

नानांचं काम म्हणजे चादरीवरची, टॉवेलवरची नक्षी चौकटींच्या कागदावर उतरवायची. एक चौकट म्हणजे एक धागा. चौकट भरली की तो धागा मागावर उचलायचा, रिकामी ठेवली की सोडायचा. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, त्या पट्ट्या मागाच्या डोक्यावर फिरायच्या, आणि खाली कापडावर कैरी नाहीतर हंस उमटायचा. "तीन सोड, दोन उचल, एक सोड," असं नाना तोंडातल्या तोंडात मोजत असायचे, जेवतानासुद्धा. अम्मा म्हणायची, ह्यांना भाकरी वाढली तरी हे मोजून खातात. कॉम्प्युटर आल्यावर कागदाच्या चौकटी पडद्यावर आल्या एवढंच. मोजणं तेच राहिलं.

घर दोन खोल्यांचं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे यंत्रमाग. सकाळी ते सुरू झाले की आमच्या फळीवरची भांडी थरथरायला लागायची, त्यामुळे आम्ही सगळेच ओरडून बोलणारे. कॉलेजात मुली मला म्हणायच्या, राजी, हळू बोल गं, आम्ही काय तिकडं लांब सांगोल्याला बसलोय का? अम्मा दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. कात्रीनं पान कापलं, चिमूटभर तंबाखू घातली, वळली, दोरा बांधला. एवढ्या गोंगाटातही तिच्या कात्रीचा आवाज मला वेगळा ऐकू यायचा, आणि तो थांबला की समजायचं, अम्माच्या लक्षात काहीतरी आलंय. दुपारी कडक भाकरी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, वर शेंगाची चटणी. घरातलं बोलणं तेलुगू, पण नाना माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलायचे, तीही कारखान्यातली, हाय-न्हायवाली. पोरीची मराठी पक्की व्हावी म्हणून! आता काय बोलायचं.

कामाचे शब्द मात्र कारखान्यात सगळ्यांचे एकच होते, मग घरात कुणी काहीही बोलो. त्यातला एक इथंच सांगून ठेवते. मागावरून नुकतंच उतरलेलं, पाणी न लागलेलं कापड म्हणजे कोरं. दिवाळीला अम्मा म्हणायची, पोरीच्या अंगावर कोरं कापड पाहिजे. नानांच्या तोंडी कोरा म्हणजे नवा, ताजा, अजून कुणाची नजर न लागलेला. मी हा शब्द दुधाबरोबर प्यायले होते. आणि मीच तो विसरले.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते त्या वर्षी नाना कॉम्प्युटरवर चिडायला लागले. आधी म्हणायचे, हळू झालाय. ते खरंच होतं. बटण दाबून अम्मानं चहा टाकला, उकळला, आम्ही पिऊन कप विसळले, तरी आमचा पडदा निळाच. आतली डिस्क मधूनच कट्... कट्... असा आवाज करायची, कुणीतरी दातानं सुपारी फोडल्यासारखा. मग नाना म्हणायला लागले, "पडदा अंधुक झालाय. म्हातारं झालंय हे बेनं." मी टॉवेल काढून पडदा पुसायची, उजेड वाढवायची. नाना म्हणायचे, न्हाय, अजून अंधुकच हाय. मला तर नीट दिसायचं. पण नाना इतकी वर्षं बारीक काम करणारे, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळणार, असं मी धरून चालले.

आज मागं बघताना अंगावर काटा येतो, कारण सगळं समोरच घडत होतं. नाना दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे आणि चौकटीलाच शिव्या द्यायचे. चहा कपाच्या कडेला सांडायचा. भर दुपारी म्हणायचे, दिवा लाव की. रस्त्यानं जाताना बाजूनं सायकल आली की दचकायचे. पडद्याला नाक लावून बसायचे आणि सबंध मान फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. एकदा अम्मानं ताटात डाव्या बाजूला ठेवलेली चटणी तशीच राहिली, आणि नाना म्हणाले, आज चटणी न्हाय का केली? अम्मानं वाटी उजवीकडे सरकवली. मी हसले. हसले मी! म्हटलं, नाना, तुम्हालाही आता कॉम्प्युटरसारखी झोप यायला लागली.

आणि त्याच सुमाराला पलीकडचे माग कमी व्हायला लागले. चाराचे तीन झाले, तिनाचे दोन. एकेक माग भंगारात जाताना गल्ली बाहेर येऊन बघायची. फळीवरची भांडी आता निम्म्यानंच थरथरायची. कारखान्यातही कुजबुज होती. मालकांनी नानांना बोलावून सांगितलं, मास्तर, बाहेरगावचा एक डिझायनर येतो म्हणतोय, स्वतःचा नवा कॉम्प्युटर घेऊन. तुमचा मान मोठा आहे, पण दोन वर्षं तेच ते नमुने चाललेत. दिवाळी झाली की मला बारा नवे दाखवा. बारा पसंत पडले तर खुर्ची तुमचीच. नानांनी घरी येऊन हे सांगितलं आणि लगेच वर म्हणाले, "बारा? माझे बारा कवाच तयार हायत. वरीसभर तेच करतोय." मग पडद्याकडे बोट केलं. "फकस्त ह्याला चालता करा. माझ्या हिशेबानं ह्याचं काय खरं न्हाय."

झालं, मी पदर खोचला. कॉम्प्युटर शिकणारी घरातली एकुलती एक मी. शुक्रवार पेठेत जिन्याखाली बशीरचाचांचं दुरुस्तीचं दुकान होतं. चाचा आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर; नानांची आणि त्यांची जुनी ओळख. मी त्यांना म्हटलं, नवीन विंडोज टाकून द्या. चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बेटी, बुढ्ढे आदमी कू भारी रजई पांघरायला दिली तर तो उठंल का? नव्या विंडोजला ह्याची मेमरी पुरत नाही. हलकं कायतरी डालो. लिनक्स. फुकट हय, और भोत हलका हय." मला लिनक्स हा शब्द कॉलेजात ऐकून माहीत होता, बघितला नव्हता. चाचांनी सांगितलं, हलक्यातही दहा प्रकार आहेत, तूच करून बघ. सीडीवरूनच चालतं, आत काही लिहीत नाही, आवडलं तर मग टाक.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. चाचांकडून कोऱ्या सीडी घ्यायच्या, ते त्यावर एकेक सिस्टीम उतरवून द्यायचे, मी घरी आणून लावायची. दोन कोऱ्या द्या चाचा, एक कोरी द्या चाचा. महिनाभर माझ्या तोंडात हा शब्द होता, आणि त्याचा अर्थ एकच होता: रिकामी. काही नसलेली.

पहिली सिस्टीम दिसायला लई देखणी. आमच्या म्हाताऱ्याचा पंखा असा किंचाळायला लागला की अम्मा विड्या टाकून धावत आली. दुसरी इतकी हलकी की तिच्यात चित्रच नव्हतं, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. नानांनी विचारलं, हे काय, मयताची चिठ्ठी हाय का? तिसरीत नानांचा नक्षीचा प्रोग्राम चालेना. तो विंडोजसाठी केलेला, त्याला लिनक्समध्ये चालवायला आणखी एक प्रोग्राम लागायचा, आणि त्याचं नाव होतं वाइन. मी फोनवर चाचांना ओरडून विचारतेय, वाइन कुठून आणू, किती घालू? अम्मानं ते ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. चौथीचं नाव चक्क कुत्र्याच्या पिल्लावरून होतं. ते पिल्लू मात्र एका मिनिटात उठून उभं राहिलं. सगळंच्या सगळं मेमरीत घेऊन बसायचं, डिस्कची कटकट जवळजवळ बंद. नानांचा प्रोग्रामही लंगडत का होईना, चालला.

प्रत्येक वेळी नानांची परीक्षा वेगळीच. मी सांगायची, बघा किती लवकर उघडलं. ते विचारायचे, अक्षर मोठं होतंय का? मी सांगायची, मेमरी किती कमी खातंय. ते विचारायचे, बाण मोठा करता येतोय का, पिवळा करता येतोय का? पिल्लाच्या सिस्टीममध्ये बाण अंगठ्याएवढा करता आला, तेव्हा ते म्हणाले, "हेच टाक." मी कपाळावर हात मारला. एवढा अभ्यास केला, मेमरीचे आकडे वहीत लिहिले, आणि निवड कशावर, तर बाण केवढा! मला वाटलं, म्हातारपणाचे चोचले.

त्याच दिवसांत धूळ काढायला मी मॉनिटर पुढं ओढला तर मागं एक औषधाची चिमुकली बाटली सापडली, डोळ्यांत थेंब घालायची असते तशी. जवळजवळ रिकामी. मी ती खिडकीत ठेवली. संध्याकाळी ती खिडकीत नव्हती, मॉनिटरच्या मागं परत गेली होती. मी मनात म्हटलं, कारखान्यातल्या कापसाच्या धुळीनं डोळे लाल होत असतील. आणि मी परत माझ्या सीडींकडे वळले. मला आजही ती बाटली आठवली की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

डिस्कचे तीन कप्पे होते. एकात जुनं विंडोज. दुसऱ्याला नाव दिलेलं इंग्रजी अक्षरांत, जुना. तिसऱ्याला, कोरा. नावं नानांनी दिलेली. चाचांनी मला शहाण्या माणसासारखा सल्ला दिला होता: "विंडोज को हात मत लगा. नवीन सिस्टीम रिकाम्या कप्प्यात टाक. कुछ बिगडलं तर जुनं आहेच. और पहले मास्तरचं काम सीडीवर घेऊन ठेव." मी डिस्क काढून फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे नेली. त्यांनी 'जुना' सीडीवर उतरवला. "और ये दुसरा?" त्यांनी विचारलं. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत होती, मला पाच वाजताचा तास गाठायचा होता. मी म्हटलं, "ते कोरं आहे, चाचा."

दिवाळीला आठच दिवस उरले होते. कॉलेजला सुट्टी लागली त्या सकाळी मी बसले. अकराला लोडशेडिंग, त्याच्या आत काम उरकायचं होतं. नाना बाहेर ओट्यावर दाढी करत होते, आरशाला नाक लावून. अम्माची कात्री चालू. पलीकडचे दोन माग खटाखट चाललेले. मी सीडी लावली, यादी समोर आली, मी 'कोरा'वर बोट ठेवलं. पडद्यावर इशारा आला की या कप्प्यातलं सगळं पुसलं जाईल, करू का? आणि मी थांबले. हे मी शपथेवर सांगते, मी थांबले. पण उघडून बघायचं तर सीडी काढा, विंडोज चालू करा, त्यात पाऊण तास जाणार, आणि अकराला वीज जाणार. त्यापेक्षा मी तिथूनच ओरडले, "नाना, तो कोरा म्हणजे कोराच ना?"

मागांच्या आवाजावर मात करत बाहेरून नानांचा आवाज आला, चांगला टणटणीत, अभिमानानं भरलेला. "व्हय की! कोराच हाय सगळा!"

मी होय दाबलं.

अकराच्या आत सगळं आटोपलं. नवीन सिस्टीम उठली ती पन्नास सेकंदांत. मी बाण मोठा केला, पिवळा केला, अक्षरं मोठी केली, आणि विजयी वीरासारखी हाक मारली. नाना अर्धा गाल साबणाचा तसेच आत आले, चौकटीला खांदा आपटला, खुर्चीवर बसले. "झालं? आता माझे बारा उघड. कोऱ्यातले."

तोंडचं पाणी पळणं म्हणतात ते काय, ते मला त्या क्षणी कळलं. हात माउसवर होता, तो आपोआप कुठंतरी दाबला गेला आणि पडद्यावर एक खिडकी उघडली. पांढरी, स्वच्छ, आत काहीही नसलेली. नाना पुढं वाकले. पडद्यापासून चार बोटांवर नाक नेलं. मी डोळे मिटले, म्हटलं, आता ओरडणार.

"हं," नाना म्हणाले. "हाय की. ही बोरमाळ. काय साफ दिसतीया बघ! पयल्यापेक्षा लई साफ." त्यांचं बोट त्या पांढऱ्या पडद्यावरून डावीकडून उजवीकडे गेलं, एकेक मणी मोजत. "आन् ही हंसाची जोडी. ह्याची मान जरा वाकडी झालती, ती मी नीट केली, दिसतीया का तुला?"

अम्माची कात्री थांबली होती. मी वळून बघितलं. ती दारात उभी, हातात अर्धी वळलेली विडी, आणि तिची नजर पडद्यावर. अम्माला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पांढरं म्हणजे पांढरं, एवढं तिला दिसत होतंच. नेमके त्याच वेळी अकरा वाजले असावेत, कारण माग थांबले, पंखा थांबला, पडदा काळा झाला. सगळी गल्ली गप्प झाली. आणि नानांचं बोट काळ्या काचेवर तसंच पुढं सरकत होतं.

"नाना," मी म्हटलं, "तिथं काही नाही."

बोट थांबलं. नानांनी हात हळूच मांडीवर घेतला. गालावरचा साबण वाळून त्याचे पापुद्रे निघायला लागले होते. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात, आमच्या घरात कुणीच बोलत नसे इतक्या हलक्या आवाजात विचारलं, "तुला कवा कळलं?"

"आत्ताच," मी म्हणाले, आणि हमसून हमसून रडायला लागले.

मी बोलत होते नमुन्यांबद्दल. ते बोलत होते डोळ्यांबद्दल. हे आमच्या दोघांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि लक्षात आलं तेव्हा दोघांनाही एकमेकांच्या गोष्टीचं काय करावं कळेना. काचबिंदू होता. दोन वर्षं ते कुणाला न सांगता डॉक्टरांकडे जात होते. कडेचं दिसणं आधी गेलं, मग मधलं राहिलं तेवढ्या भोकातून बघून त्यांनी वर्षभर ते बारा नमुने काढले होते. गेले चार-सहा आठवडे तेही भोक बुजत चाललं होतं. अम्माला संशय होता, तिनं विचारलं नव्हतं. कारखान्यात कळलं असतं तर नमुने दाखवायची वेळच आली नसती, म्हणून नाना गप्प राहिले. आणि कॉम्प्युटर हलका करा, चालता करा म्हणत होते, ते मला तो वापरायची सवय व्हावी म्हणून. पुढचे नमुने माझ्याकडून काढून घ्यायचे, असा त्यांचा बेत होता.

ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मीच म्हणलो की कोरा हाय म्हणून. तू तरी काय करणार." मी तशीच डिस्क घेऊन चाचांकडे पळाले. चाचांनी सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली, दोन दिवस तिच्यावर बसले. काही तुकडे निघाले, एकही उघडला नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डिस्कनं तो सुपारी फोडल्याचा आवाज सलग सुरू केला आणि ती कायमची बंद पडली. चाचांनी मला पाणी दिलं. "बेटी, मास्तर के दिमाग में हय वो सब," ते म्हणाले, "उधर से निकाल." दुसरी जुनी डिस्क बसवून दिली, त्यावर परत तेच पिल्लू.

मग आम्ही बसलो. नाना डोळे मिटून सांगायचे, मी चौकटी भरायची. पहिली ओळ, तीन सोड, दोन उचल, एक सोड. सकाळपासून वीज जाईपर्यंत, वीज आली की परत. अम्मा भाकरी तिथंच आणून द्यायची. कैरी झाली. बोरमाळ झाली. मला वाटायला लागलं, होतंय, सगळं त्यांच्या डोक्यात आहे. हंस झाले, वेल झाली. दिवाळीत बाहेर फटाके वाजत होते आणि आम्ही मोजत होतो. पाचव्या नमुन्याला नाना अडखळले. विसावी ओळ सांगून झाल्यावर परत विसावीच सांगितली, निराळी. मग म्हणाले, आधीचं वाच. मी वाचलं. "असं न्हाय ते," म्हणाले. डोळे असताना ते बोटांनी मोजायचे आणि डोळ्यांनी पडताळायचे. पडताळायला आता काही उरलं नव्हतं, नमुना नाही आणि नजरही नाही. दोन्हींपैकी एक जरी असतं तरी बारा झाले असते. आणि नमुने मी पुसले होते.

चारच छापून घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. नानांचा हात माझ्या खांद्यावर, लोकांना वाटावं की लाड चाललेत. मालकांनी चारही बघितले, छान म्हणाले. बाकीचे आठ होताहेत, मी म्हटलं. मालकांनी हंसांचा कागद नानांपुढं धरून विचारलं, मास्तर, ह्याला कोणता रंग घालायचा? कागद उलटा होता. नाना मान हलवून म्हणाले, "कैरीला मातकटच शोभतो." मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद खाली ठेवला, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. खुर्ची गेली, हे आम्हाला चहातच कळलं. परतताना नानांनी हात माझ्या खांद्यावरून काढला नाही, आता लपवायचं काही नव्हतं.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. ओट्यावर बसायचे, दोरीवरची चादर हाताला लागली की बोटांनी चाचपून सांगायचे, ही माझी, ही त्या नव्या डिझायनरची. पलीकडचे माग एक दिवस पुरते थांबले, तेव्हा त्यांनी विचारलं, आज वीज न्हाय का? तो पाचवा नमुना विसाव्या ओळीवरच राहिला. माझ्याकडे आहे तो. जिथं जिथं कॉम्प्युटर बदलला तिथं तिथं मी तो नेला आणि ज्या फोल्डरमध्ये ठेवला त्याचं नाव कोरा. पूर्ण करावा असं शंभरदा मनात आलं. पण त्यांच्या पुढच्या ओळी मला माहीत नाहीत, आणि माझ्या मनच्या घालायची माझी छाती होत नाही.

नानांच्या डॉक्टरांनी तेव्हाच अम्माला सांगितलं होतं, हे घराण्यात चालतं, मुलीचे डोळे दरवर्षी दाखवत जा. मी दाखवत गेले. नोकरी, संसार, बदल्या, सगळ्यातून वेळ काढून दाखवत गेले. गेली दोनेक वर्षं तेवढी राहून गेली. जाईन म्हणते, आणि राहतं.

हे प्रकरण मी लिहायला घेतलं गेल्या आठवड्यात. अम्मा माझ्याकडेच असते आता. विड्या सुटल्या, तर रिकामं बसवत नाही म्हणून शेंगा फोडत बसते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, दूरदर्शी बाई आहे आमची, गल्लीच्या टोकाचा भाजीवाला घरात बसून ओळखते. परवा सकाळी मी लिहिता लिहिता वैतागले आणि तिला म्हटलं, "अम्मा, हा लॅपटॉप आता म्हातारा झाला बघ. पडदा अंधुक झालाय. ह्याच्यावर काहीतरी हलकं टाकायला पाहिजे."

शेंगांचा आवाज थांबला.

अम्मा उठली, हात पुसले, माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर जोडून वाचते. पार मागून, चष्मा नसताना, तिनं वरची ओळ वाचली. "को-रा म्ह-ण-जे को-रा-च ना." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"राजी," ती म्हणाली, "लख्ख दिसतंय की गं सगळं."